पॉइंट क्लाउड नको, चित्रं पाठवा: थेट त्रिमितीय व्हिडिओ नेटवर्कवरून नेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एका माणसाभोवती चार डेप्थ कॅमेरे, म्हणजे रंगाबरोबर प्रत्येक पिक्सेलचं अंतरही टिपणारे कॅमेरे, लावलेत. चौघांची माहिती एका संगणकावर जोडून पॉइंट क्लाउड, म्हणजे त्रिमितीतल्या रंगीत बिंदूंचा ढग, तयार होतो आणि तो टीसीपीवरून दुसऱ्या ठिकाणच्या हेडसेटला जातो. प्रयोगशाळेतल्या एक गिगाबिटच्या लॅनवर सगळं छान चालतं. बाहेरच्या १०० मेगाबिटच्या लाइनवर मात्र, सेकंदाला ३० फ्रेमच्या ५ करूनसुद्धा, मिनिटाभरात चित्र दहा सेकंद मागे पडतं आणि पडतच राहतं. शिवाय हातामागे सावली दिसते. आता मोठी लाइन घ्यावी की पॉइंट क्लाउड दाबणारी (कॉम्प्रेस करणारी) ड्राकोसारखी एखादी लायब्ररी जोडावी?

आत्ता दोन्ही नको. दोन चुका होताहेत आणि त्या वेगवेगळ्या आहेत. एक, तुम्ही काय पाठवताय ते चुकतंय. दुसरी, उशीर झालेल्या फ्रेमचं काय करायचं हे तुम्ही ठरवलेलंच नाही. दुसरी चूक आज संध्याकाळी सुधारता येईल, म्हणून आधी तिच्याबद्दल.

तुम्ही दिलेले आकडे मांडून बघू. पार्श्वभूमी काढून टाकल्यावर फ्रेममागे दोन लाख बिंदू उरतात. प्रत्येक बिंदूला क्ष, य, झ असे तीन फ्लोट (४ बाइटचे दशांश आकडे) म्हणजे १२ बाइट, वर रंगाचे ३, एकूण १५. फ्रेम झाली ३० लाख बाइटची, म्हणजे २४ मेगाबिटची. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर ७२० मेगाबिट. गिगाबिट लॅनमध्ये हे मावतं, म्हणून प्रयोगशाळेत तुम्हाला काही जाणवलं नाही. ५ फ्रेमवर आणल्यावर झाले १२० आणि लाइन आहे १०० ची. दर सेकंदाला २० मेगाबिट मागे शिल्लक राहतात. साठाव्या सेकंदाला पलीकडच्या माणसाला दिसते ती पन्नासाव्या सेकंदाची फ्रेम. तुम्ही मोजलेले दहा सेकंद ते हेच. नेटवर्क बिचारं जेवढं नेता येईल तेवढं इमानदारीत नेतंय.

हे दहा सेकंद नेटवर्कमध्ये नाहीत, तुमच्याच प्रोग्रॅमच्या रांगेत साठलेत. टीसीपी घेतलेला प्रत्येक बाइट क्रमाने आणि न गाळता पोचवतो, फाइलसाठी हा गुण आहे. समोरासमोरच्या संभाषणात दहा सेकंदांपूर्वीची फ्रेम पोचवणं म्हणजे वरातीमागून घोडं. तेव्हा पाठवणाऱ्या बाजूची रांग एका फ्रेमची करा. नवी फ्रेम आली आणि जुनी अजून सॉकेटकडे (प्रोग्रॅमच्या नेटवर्ककडे उघडणाऱ्या दाराकडे) गेली नसेल, तर जुनी फेकून द्या. सॉकेटचा पाठवणीचा बफरही लहान करा, नाहीतर रांग तुमच्या प्रोग्रॅममधून उठून ऑपरेटिंग सिस्टीममध्ये जाऊन बसेल आणि तुम्हाला वाटेल गेली. एवढं केलंत की चित्र तुटक दिसेल, पण उशीर वाढत जाणार नाही. तुटक चित्रावर माणूस निभावून नेतो. वाढत्या उशिरावर बोलणंच अशक्य होतं.

आता मूळ मुद्दा, काय पाठवायचं. त्याआधी एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो: बघणारा किती हलणार आहे? ‘त्रिमितीय व्हिडिओ’ या एका नावाखाली तीन-चार वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात आणि त्यांची किंमत एकमेकींपासून फार लांब आहे. बघणारा खुर्चीत बसून समोर पाहणार असेल तर दोन डोळ्यांना दोन चित्रं पुरतात. व्हीटस्टनने १८३८ मध्ये स्टिरिओस्कोप मांडला तेव्हापासूनची ही युक्ती आहे. दोन्ही चित्रं जवळजवळ सारखी असल्याने दुसऱ्याचा बराचसा अंदाज पहिल्यावरूनच बांधता येतो. व्हिडिओ दाबण्याच्या एच.२६४ या मानकाला २००९ मध्ये मिळालेली एमव्हीसी ही जोड आणि त्याच्या पुढच्या एचईव्हीसी या मानकाची २०१४ मधली एमव्ही-एचईव्हीसी यासाठीच आहेत. तुमचं काम एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, दोन कॅमेरे लावा आणि घरी जा.

पण तुम्हाला पलीकडच्या माणसाने वाकून, बाजूला सरकून, चालत फिरून पाहायला हवंय. म्हणजे त्याच्या डोक्याची जागा आणि दिशा दोन्ही मोकळ्या. मग ठरावीक कोनांतून काढलेली चित्रं पुरत नाहीत, पलीकडे आकारच लागतो. इथपर्यंत तुमचा विचार बरोबर आहे. घसरलात ते पुढच्या पायरीला: आकार लागतो, म्हणून आकारच पाठवला.

आकार पाठवायचा नसतो, तो पलीकडे उभा करायचा असतो. पाठवायची ती चित्रं.

कारण सांगतो. पॉइंट क्लाउडमधल्या बिंदूंना क्रम नाही, शेजार नाही, कालची ओळख नाही. या फ्रेममधला पन्नास हजारावा बिंदू पुढच्या फ्रेममध्ये कुठे गेला, हे सांगायला कुणी नाही. आणि व्हिडिओ दाबण्याची सगळी ताकद नेमकी या दोन गोष्टींत आहे: शेजारचा पिक्सेल बहुधा सारखाच असतो आणि मागच्या फ्रेममधला तुकडा बहुधा थोडासाच सरकलेला असतो. बिंदूंची यादी केली की दोन्ही आधार तुम्ही हाताने काढून टाकता. तुम्ही उल्लेख केलेली ड्राको लायब्ररी चांगली आहे, मी वापरतो, पण ती प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे दाबते. मागच्या फ्रेमशी तिला देणंघेणं नाही. स्थिर मॉडेल पाठवायला उत्तम, हलत्या माणसाला अपुरी.

व्हिडिओची मानकं ठरवणाऱ्या एमपेगच्या तज्ज्ञांनी हलत्या पॉइंट क्लाउडसाठी काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. व्ही-पीसीसी हे त्यांचं मानक २०२१ मध्ये आलं. त्यात आकाराच्या पृष्ठभागाचे तुकडे करतात, जो तुकडा आकाराभोवती कल्पलेल्या पेटीच्या ज्या बाजूकडे तोंड करून असेल त्या बाजूवर तो सपाट करतात, सगळे तुकडे एका चौकटीत कातरकामासारखे बसवतात आणि साध्या व्हिडिओ कोडेकच्या (व्हिडिओ दाबणाऱ्या-उलगडणाऱ्या प्रोग्रॅमच्या) हवाली करतात. एक व्हिडिओ अंतराचा, एक रंगाचा आणि एक नकाशा, कुठला पिक्सेल खरा आणि कुठला नुसता भराव हे सांगणारा. म्हणजे त्रिमितीत विचार करणाऱ्या मंडळींनीसुद्धा शेवटी सपाट चित्राचाच रस्ता धरला. त्यांचं दुसरं मानक जी-पीसीसी. ते घनाचे आठ भाग, त्यातल्या भरलेल्याचे पुन्हा आठ, असं ऑक्ट्रीने उतरत जातं. लेझर स्कॅनरच्या विरळ ढगांना ते शोभतं.

तर मग व्ही-पीसीसीच लावू का? नको. त्यातलं तुकडे पाडण्याचं काम फार जड आहे. संदर्भ म्हणून मिळणारा एन्कोडर, म्हणजे दाबणारा प्रोग्रॅम, थेट प्रक्षेपणाच्या वेगाच्या जवळपासही येत नाही. आणि तुमच्याबाबतीत तर तो निव्वळ द्राविडी प्राणायाम होईल. तुमचा डेप्थ कॅमेरा मुळात देतो काय? सपाट चित्रच देतो, ज्याच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये रंगाऐवजी अंतर आहे. त्याचे तुम्ही बिंदू करता, बिंदूंचा ढग करता आणि मग तो ढग पुन्हा सपाट करायला मानक शोधता. ते मधलं सगळं गाळा. कॅमेऱ्याने दिलेली अंतराची आणि रंगाची चित्रं तशीच दाबा आणि पाठवा. कॅमेरे कुठे उभे आहेत, त्यांची भिंगं कशी आहेत, ही कॅलिब्रेशनची माहिती सुरुवातीला एकदाच द्या. बिंदू काढणं, चार बाजू जोडणं, पृष्ठभाग बनवणं, हे सगळं पलीकडच्या ग्राफिक्स कार्डवर होऊ द्या. गूगलच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रोजेक्ट स्टारलाइन या त्यांच्या त्रिमितीय व्हिडिओ-कॉलच्या यंत्रणेबद्दल लिहिलं, त्यातही रंग आणि डेप्थचे प्रवाह व्हिडिओ म्हणून दाबून पाठवायचे आणि आकार घेणाऱ्याकडे उभा करायचा, हीच रचना आहे. त्यांच्या त्या यंत्रणेचा बँडविड्थचा वापर ३० ते १०० मेगाबिटच्या दरम्यान राहत असे. तुमच्या १०० च्या लाइनला यातून धीर यावा.

मात्र डेप्थचं चित्र रंगाच्या चित्रासारखं दाबायला गेलात की पहिल्याच दिवशी रडकुंडीला याल. इथे जरा थांबून लिहितो, कारण बहुतेकांचे महिने इथेच जातात.

डेप्थ १६ बिटची असते, बहुधा मिलिमीटरमध्ये. व्हिडिओ कोडेक ८ किंवा १० बिटचा. प्रत्येक नवखा माणूस (मीही तेच केलं होतं) वरचे ८ बिट एका चित्रात आणि खालचे ८ दुसऱ्या चित्रात घालतो. करू नका. खालच्या बिटांचं चित्र करवतीच्या दात्यांसारखं होतं. २५५ वरून एकदम ०, कोडेकला असल्या उड्या सोसत नाहीत. आणि वरच्या चित्रात कोडेकने एका आकड्याची चूक केली की तो बिंदू २५६ मिलिमीटर, म्हणजे पाव मीटर हलला. नाक कानामागे जातं.

त्याऐवजी १० बिटचा एचईव्हीसी घ्या आणि अंतर नव्हे, एक भागिले अंतर साठवा. समजा तुमचा माणूस कॅमेऱ्यापासून एक ते तीन मीटरच्या पट्ट्यातच असतो. तेवढाच पट्टा १०२४ पायऱ्यांत वाटला तर एक मीटरवर पायरी येते सुमारे ०.६५ मिलिमीटरची, दोन मीटरवर २.६ ची आणि तीन मीटरवर जेमतेम ६ मिलिमीटरची. लांब गेल्यावर पायरी मोठी होते खरी, पण दोन भिंगांच्या फरकावरून अंतर काढणाऱ्या कॅमेऱ्याची स्वतःची चूकही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे कॅमेऱ्याला जे नीट दिसतच नाही, त्यावर तुम्ही बिट खर्च करत नाही. पट्टा जितका आवळाल तितकी अचूकता फुकटात मिळते. हा पट्टा ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून अर्धा ते आठ मीटर ठेवणारे लोक मी पाहिलेत. लागत कधीच नाही.

डेप्थ फक्त प्रकाशमानाच्या, म्हणजे ल्यूमाच्या थरात ठेवा. रंगाचे दोन थर मधल्या आकड्यावर गोठवून टाका. नेहमीच्या ४:२:० मांडणीत रंगाच्या थरांत पाव पिक्सेलच उरतात. तिथे भूमिती ठेवलीत तर ती गेलीच.

यानंतर छळतात त्या कडा. हात छातीसमोर धरलाय: हात दीड मीटरवर, छाती दोनवर. मधली कड चित्रात तीक्ष्ण असते. कोडेक ती किंचित पुसट करतो. रंगात हे डोळ्याला कळतही नाही. अंतरात मात्र पुसट कडेचा अर्थ होतो पावणेदोन मीटरवर अधांतरी लटकलेले बिंदू. बोटांभोवती धूळ उडाल्यासारखी दिसते. याला एक उपाय पुरत नाही, तीन लागतात. पहिला, माणूस कुठे आहे आणि पार्श्वभूमी कुठे, याचा मुखवटा वेगळा आणि काहीही न गमावता पाठवायचा. प्रत्येक ओळीत माणूस कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो एवढंच लिहिलं तर कॅमेऱ्यामागे फ्रेमला दोन-तीन किलोबाइट लागतात. दुसरा, मुखवट्याबाहेर शून्य भरायचं नाही. माणसाच्या कडेचंच मूल्य बाहेरच्या बाजूला हळुवार पसरू द्यायचं. कोडेकला उडी दिसली नाही की तो पुसट काही करत नाही, बिटही वाचतात. तिसरा, पलीकडे चित्र उलगडल्यावर जिथे शेजारच्या पिक्सेलमधला फरक संशयास्पद मोठा आहे, तिथले बिंदू सरळ गाळायचे. त्या जागी दुसरा कॅमेरा बहुधा बघतच असतो.

आणि दाबण्याआधी डेप्थ थोडी निवळून घ्या. स्थिर भिंतीकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्याचीसुद्धा डेप्थ फ्रेमगणिक थरथरते. कोडेकला ती थरथर म्हणजे खरी हालचाल वाटते आणि तुमचे निम्मे बिट तो कुजबुज जतन करण्यात घालवतो. मागच्या फ्रेमपेक्षा फरक कॅमेऱ्याच्या नेहमीच्या गोंगाटाएवढा असेल तर मागचंच मूल्य ठेवायचं, एवढा साधा नियमही पुष्कळ काम करतो.

आता मांडणी. तुमचे चारही कॅमेरे एकाच संगणकाला जोडलेले आहेत, त्याचा फायदा घ्या. ६४० बाय ४८० ची चार रंगीत चित्रं वरच्या ओळीत, चार डेप्थची चित्रं खालच्या ओळीत, असं २५६० बाय ९६० चं एकच मोठं चित्र करा आणि एकाच एन्कोडरला द्या. आजच्या बहुतेक ग्राफिक्स कार्डांतला हार्डवेअर एन्कोडर हे लीलया करतो. मुखवटा त्याच फ्रेमबरोबर एसईआय संदेशात (व्हिडिओच्या प्रवाहातच जादा माहितीसाठी असलेल्या कप्प्यात) घाला. मी सुरुवात २५ ते ३० मेगाबिटवर करतो आणि मग डोळ्यांनी बघत वर-खाली नेतो. यात तोटा आहे, लपवत नाही: रंग आणि डेप्थमध्ये बिट कसे वाटायचे, हे एन्कोडर त्याच्या मनाने ठरवतो, आणि त्याचं मन रंगाकडे ओढलेलं असतं. एन्कोडर भागानुसार दर्जा सांगू देत असेल तर खालच्या ओळीचा दर्जा चढा ठेवा.

फायदा मात्र इतका मोठा आहे की मी हा तोटा आनंदाने सोसतो. आठ प्रवाह वेगवेगळे पाठवले की ते पलीकडे पुन्हा एका क्षणावर जुळवावे लागतात. आरटीपीत (थेट आवाज-चित्र पाठवण्याच्या नियमावलीत) प्रत्येक प्रवाहाचा काळशिक्का (टाइमस्टॅम्प) वेगळ्याच यादृच्छिक आकड्यापासून सुरू होतो. ते एका घड्याळावर आणायला आरटीसीपी या तिच्या जोड-नियमावलीचे अहवाल यावे लागतात, ते येईपर्यंत अंदाजाने चालायचं, आणि एका कॅमेऱ्याची डेप्थ मागच्या फ्रेमची नि रंग या फ्रेमचा असा गोंधळ झाला की माणसाचा चेहरा त्याच्या खांद्यावर रंगवल्यासारखा दिसतो. एकाच चित्रात सगळं असेल तर आलं तर सगळं एका क्षणाचं येतं, नाहीतर काहीच येत नाही. जुळवणीचा प्रश्नच उरत नाही. पुढे कॅमेरे वाढले आणि दोन-तीन संगणकांवर विभागले गेले, की मग मात्र घड्याळं पीटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याच्या काटेकोर पद्धतीने, जुळवावी लागतील. संगणकांच्या नेहमीच्या, ढोबळ एनटीपीवर विसंबू नका.

जुळणी नेटवर्कच्याही आधी, कॅमेऱ्यातच हवी. बोलता बोलता फिरणारा हात सेकंदाला दोन मीटर सहज जातो. ३० फ्रेमच्या हिशेबात एका फ्रेममध्ये तो साडेसहा सेंटीमीटर सरकतो. दोन कॅमेऱ्यांनी एका फ्रेमच्या फरकाने टिपलं तर पलीकडे त्या माणसाला तीन हात दिसतात. तुम्ही लिहिलेली ‘हातामागे सावली’ नेटवर्कची नसून हीच असावी, असा माझा अंदाज आहे. तपासणं सोपं आहे: काहीही न पाठवता त्याच संगणकावर ढग बघा. सावली तिथेही असेल तर कॅमेऱ्यांना एकमेकांशी जोडणारी ट्रिगरची वायर लावा. आणि काळशिक्का टिपतानाचा द्या, पाठवतानाचा नको.

आता वाहतूक. मोठ्या पल्ल्यावर टीसीपी सोडावाच लागेल. एक पाकीट हरवलं की मागची सगळी त्याच्यासाठी थांबून राहतात, रांग एकाची केली तरी हे चुकत नाही. ब्राउझरमधल्या व्हिडिओ-कॉलसाठी बनलेलं वेबआरटीसी घ्या. यूडीपीवर (हरवलेल्या पाकिटासाठी न थांबणाऱ्या वाहतुकीवर) आरटीपी, हरवलेल्याची पुन्हा मागणी, बँडविड्थचा अंदाज, हे सगळं त्यात घडवलेलं मिळतं आणि ते स्वतः लिहिण्याचा मोह टाळलेला बरा. २०२१ मध्ये मानक झालेला, यूडीपीवरच उभा असलेला क्विकही चालतो: प्रत्येक फ्रेमला स्वतंत्र प्रवाह द्यायचा आणि ती शिळी झाली की तो प्रवाह रद्द करायचा.

पाकिटं हरवण्याचा हिशेब एकदा स्वतः मांडून बघा, अंगावर येतो. ३० मेगाबिट आणि ३० फ्रेम म्हणजे फ्रेममागे १ मेगाबिट, १२०० बाइटची सुमारे १०५ पाकिटं. शंभरात एकच पाकीट हरवतंय असं धरलं तरी १०५ च्या १०५ पोचण्याची शक्यता ३५ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे तीनातल्या जवळजवळ दोन फ्रेमना कुठे ना कुठे भोक पडणार. ‘एक टक्का तर नुकसान आहे’ असं कुणी म्हटलं की मला हा हिशेब आठवतो. जाऊन-येऊन वेळ ३० मिलिसेकंद असेल तर पलीकडे ४०-५० मिलिसेकंदांचा बफर ठेवून हरवलेलं पाकीट एकदा परत मागवता येतं. जाऊन-येऊन १५० च्या पुढे गेलं की मागवण्यात अर्थ नाही, मग काही जादा पाकिटं आधीच पाठवून त्यांवरून हरवलेली काढायची, म्हणजे एफईसी.

एक गोष्ट पुस्तकांत क्वचित सापडते म्हणून सांगतो. एन्कोडर अधूनमधून पूर्ण, स्वतंत्र की-फ्रेम काढतो आणि ती बाकीच्या फ्रेमच्या कित्येक पट मोठी असते. ती एका झटक्यात बाहेर पडली की वाटेतल्या एखाद्या राउटरचा लहानसा बफर भरून वाहतो आणि बरोबर त्याच क्षणी पाकिटं गळतात. लक्षण ओळखण्यासारखं आहे: ठरावीक सेकंदांनी, घड्याळ लावल्यासारखं चित्र फाटतं. लोक नेटवर्कवाल्यांशी भांडतात. एन्कोडरमध्ये इंट्रा रिफ्रेश सुरू करा, म्हणजे पूर्ण ताजं चित्र एका फ्रेममध्ये न जाता पट्ट्यापट्ट्याने अनेक फ्रेममध्ये विभागून जातं. बी-फ्रेम बंद ठेवा, त्या पुढच्या फ्रेमची वाट पाहतात. आणि पाकिटं एकदम न ओतता ३३ मिलिसेकंदांत पसरून सोडा.

उशिराचं गणित आता नीट बसतं. हेडसेट घातलेल्या माणसाने मान वळवल्यापासून दृश्य वळेपर्यंत साधारण २० मिलिसेकंदांहून जास्त लागले की डोकं गरगरायला लागतं. पण आकार त्याच्याच मशीनवर उभा असल्याने मान वळवण्याला नेटवर्कची गरजच नाही. आकार पलीकडे उभा करण्याची खरी कमाई ही आहे. नेटवर्कचा उशीर फक्त संभाषणाला लागतो आणि तिथे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या (आयटीयू) जी.११४ शिफारशीनुसार एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंत माणसांना अडचण वाटत नाही. कॅमेऱ्याला ३३, दाबायला १५, वाटेला २०, बफरला ४०, उलगडून आकार उभा करून दाखवायला ३० असं धरलं तर १३८ होतात. जेमतेम मावतं. यातलं ‘वाटेला’ कमी करायला फारसा वाव नसतो. फायबरमध्ये दर १००० किलोमीटरला ५ मिलिसेकंद प्रकाशच घेतो. कापायचंच तर बफर आणि एन्कोडरमध्ये कापा. आवाजाला मुद्दाम तेवढाच उशीर लावायला विसरू नका. ओठ हलण्याआधी शब्द ऐकू आला तर माणूस भुतासारखा वाटतो.

हेडसेट स्वतःच दुबळा असेल, ग्राफिक्सचं जड काम झेपत नसेल, तर जवळच्याच एखाद्या संगणकावर दोन डोळ्यांची चित्रं काढून ती हेडसेटला पाठवायची आणि शेवटचा लहानसा कोनाचा फरक हेडसेटने दुरुस्त करायचा, हा मधला मार्ग आहे. ‘जवळच्याच’ हा शब्द त्यात महत्त्वाचा.

तुम्ही जाता जाता गॉसियन स्प्लॅटिंगबद्दलही, म्हणजे दृश्य असंख्य मऊ, अर्धपारदर्शक ठिपक्यांनी (स्प्लॅटनी) उभं करण्याच्या पद्धतीबद्दल, विचारलंय. २०२३ मध्ये ते आल्यापासून सगळेच विचारतात, कारण दिसतं फार सुंदर. पण मूळ रूपात प्रत्येक स्प्लॅटला ५९ आकडे लागतात: जागा, आकार, वळण, पारदर्शकता आणि दिशेनुसार बदलणारा रंग. म्हणजे २३६ बाइट. दहा लाख स्प्लॅटचं एक स्थिर दृश्य २३६ मेगाबाइटचं. दाबण्याच्या पद्धती भराभर निघताहेत, आधी टिपून ठेवलेल्या दृश्यांसाठी जरूर वापरा. टिपलेल्या व्हिडिओचा खेळच निराळा असतो: तिथे सेकंदभराचा बफर चालतो, दृश्याचे तुकडे करून बघणाऱ्याच्या नजरेसमोरचे चांगल्या दर्जाने आणि पाठीमागचे हलक्या दर्जाने पाठवता येतात, व्ही-पीसीसीही तिथे शोभतो. थेट संभाषणात तुम्हाला यातलं काहीच परवडणार नाही.

आणि कृपा करून अहवालात ‘होलोग्राम’ लिहू नका. खरा होलोग्राम प्रकाशलहरींची नक्षी साठवतो, त्याचा पिक्सेल अर्ध्या मायक्रॉनच्या घरात लागतो. दहा सेंटीमीटर लांबी-रुंदीच्या पडद्यावर तसे ४० अब्ज पिक्सेल होतात. प्रत्येकी ८ बिट आणि सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर साडेनऊ टेराबिटच्या वर जातं, न दाबता. तुमची १०० मेगाबिटची लाइन त्यापुढे कुठे ठेवायची, ते तुम्हीच बघा.

शेवटी मोजमाप. प्रोग्रॅममधल्या नोंदींवर उशीर मोजू नका, त्या दोन संगणकांच्या दोन घड्याळांवर चालतात. पहिली चाचणी दोन्ही टोकं एकाच टेबलावर ठेवून घ्या: कॅमेऱ्यासमोर मिलिसेकंद दाखवणारं घड्याळ ठेवा, त्याच्या शेजारी पलीकडचा पडदा ठेवा आणि दोन्ही एकाच फोटोत टिपा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे खरा उशीर. मधल्या लाइनचा उशीर कृत्रिमरीत्या घालता येतो. असे पन्नास-साठ फोटो काढा आणि सरासरी न बघता सगळ्यात वाईट दोन-तीन बघा, लोक तक्रार त्यांचीच करतात.

हे सगळं करूनही एखाद्या सकाळी माणसाचे दोन खांदे एकमेकांशी जुळेनासे झाले, तर नेटवर्कच्या नोंदी उघडण्याआधी कॅमेऱ्यांच्या तिवया बघा. एकदा मी पूर्ण दोन दिवस पाकिटं मोजत बसलो होतो. रात्री फरशी पुसताना कुणीतरी तिसऱ्या कॅमेऱ्याची तिवई दोन बोटं सरकवली होती.